तेफ्तर आणि दफ्तर : वासिल लेव्स्कीचा जमाखर्च

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



वाचनालयाच्या चिटणीसांनी फोनवर व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘वासिल लेव्स्की.’ पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्यांनी चाचरत विचारलं, ‘फुटबॉलमधले का?’ त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. लेव्स्की नावाचा फुटबॉल क्लब बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, १९१४पासून आहे. तिथलं राष्ट्रीय स्टेडियम त्याच्या नावाचं आहे, एक गावही आहे. २००७मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीने प्रेक्षकांना सर्वांत थोर बल्गेरियन कोण असं विचारलं, तेव्हाही पहिला क्रमांक त्याचाच आला. ज्या माणसाचं नाव देशभर असं कोरलेलं आहे, त्याचं थडगं मात्र कुठे आहे ते आजवर खात्रीने कुणालाही सांगता आलेलं नाही.

मी त्याला अरे-तुरे करणार आहे, त्याबद्दल राग मानू नका. पस्तिसाव्या वर्षी फासावर गेलेल्या तरुणाला ‘अहो-जाहो’ करायला माझी जीभ वळत नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. ते मोठे वक्ते नव्हते. वाचनालयाची कीर्दखतावणी मात्र त्यांनी आयुष्यभर लिहिली आणि टाचणीच्या डबीचासुद्धा खर्च मांडला. म्हणूनच आज मला लेव्स्की या क्रांतिकारकाच्या तलवारीबद्दल बोलायचं नाही. मी बोलणार आहे त्याच्या जमाखर्चाच्या वहीबद्दल.

ही वही सोफियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहे. खिशात मावेल एवढी आहे. बल्गेरियावर तेव्हा राज्य करणाऱ्या ऑटोमन तुर्की साम्राज्याचे शिपाई ज्याच्या मागावर होते, तो माणूस तिच्यात कुठे किती ग्रोश (तिथलं नाणं) खर्च झाले ते लिहून ठेवत होता. बल्गेरियन भाषेत अशा वहीला ‘तेफ्तर’ म्हणतात. हा शब्द त्यांच्याकडे तुर्कीतून आला. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून आला आणि ‘दफ्तर’ झाला. पेशवे दफ्तरातलं दफ्तर ते हेच. सुलतानाच्या ख्रिस्ती प्रजेला तिथे ‘राया’ म्हणत, आणि त्या शब्दाचा आपल्याकडचा सख्खा भाऊ म्हणजे ‘रयत’. पातशाह्या कुठल्याही असोत, मागे राहिलेले शब्द एकाच टांकसाळीतले दिसतात.

आता थोडं त्याच्या घराविषयी. स्तारा प्लानिना, म्हणजे शब्दशः ‘जुना पर्वत’, बल्गेरियाच्या मधोमध आडवा पसरला आहे. त्याच्या दक्षिण पायथ्याला, गुलाबाच्या शेतीसाठी नावाजलेल्या खोऱ्यात कार्लोवो हे गाव आहे. तिथे १८ जुलै १८३७ रोजी वासिल इवानोव कुंचेव जन्मला. वडील लोकर रंगवायचे आणि तिचे गोफ विणायचे. कपड्यांच्या कडांना लावायच्या या गोफांवर गावातली कितीतरी घरं चालत. १८५१मध्ये वडील गेले आणि आई गिना मुलांना घेऊन एकटी उरली. तिचा भाऊ मठवासी साधू होता. त्याने वासिलला सेवेला ठेवून घेतलं आणि पुढे शिकायला रशियाला पाठवीन असं वचन दिलं. ते वचन काही पाळलं गेलं नाही.

मुलाचा गळा गोड होता. स्तारा झागोरा आणि प्लोवदिव इथे त्याने धर्मशिक्षण घेतलं. १८५८मध्ये तो साधू झाला, इग्नाती हे नाव घेतलं आणि पुढच्याच वर्षी डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पायरीवरचा धर्मसेवक, म्हणून त्याला दीक्षा मिळाली. पुढे सारा देश त्याला ‘डीकन’च म्हणत राहिला, अगदी त्याने झगा उतरवल्यानंतरही.

१८६२मध्ये मामाचा घोडा घेऊन तो मठातून निघाला आणि सर्बियात बेलग्रेडला पोचला. तिथे गेओर्गी राकोव्स्की हा म्होरक्या बल्गेरियन तरुणांची पलटण उभारत होता. तिथल्या कवायतीत आणि लढाईत त्याने दाखवलेल्या चपळाईवरून त्याला ‘लेव्स्की’ म्हणू लागले. ‘लेव’ म्हणजे सिंह. पुढे लपूनछपून पत्रं लिहिताना त्याने ‘अस्लान’ हे तुर्की टोपणनाव घेतलं. त्याचाही अर्थ सिंहच! शिपायांनी पत्र पकडलं तर सही एका तुर्काची निघावी, आणि सही करणाऱ्याचं नावही खोटं ठरू नये, अशी ही मौज.

पलटण वर्षभरात मोडली. तो गावी परतला आणि १८६४च्या ईस्टरच्या सुमारास त्याने साधूचे लांब केस कापून टाकले. आईने ते जपून ठेवले. आजही ते कार्लोवोच्या संग्रहालयात आहेत. मग दोन खेड्यांत मिळून तीनेक वर्षं त्याने मास्तरकी केली. क्रांतिकारकांच्या चरित्रांत असा काळ दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. वर्गात ओरडून कुणी शिकत नाही, रोज थोडं थोडं शिकवावं लागतं, हे मास्तराला कळतं. पुढची त्याची सगळी कामगिरी याच शहाणपणावर उभी आहे.

त्या काळी क्रांतीची एक ठरलेली रीत होती. डॅन्यूब नदीच्या पलीकडे, रुमानियात, निर्वासित बल्गेरियन तरुण जमायचे. पाचपन्नास किंवा शंभर जण बंदुका घेऊन नदी ओलांडायचे आणि डोंगरात शिरायचे. आपल्याला पाहून खेडी पेटून उठतील असा त्यांचा भरवसा असे. १८६७मध्ये अशाच एका टोळीत, पानायोत हितोवच्या हाताखाली, लेव्स्की निशाणबरदार होता. खेडी काही उठली नाहीत. पुढच्या वर्षी हाजी दिमितर आणि स्तेफान काराजा यांची सव्वाशेच्या आसपास माणसांची टोळी नदी ओलांडून आली आणि थोड्याच दिवसांत कापली गेली. त्यांच्या शौर्यावर गाणी झाली. लेव्स्कीने त्या गाण्यांपाशी न थांबता हिशोब मांडला. माणसं एवढी गेली, आणि गावातला शेतकरी होता तिथेच राहिला. त्याला कुणी विचारलं होतं का? कुणी तयार केलं होतं का? मग तो उठणार कसा?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपण साम्राज्याचं चित्र फार काळंकुट्ट रंगवतो. याच वर्षांत डॅन्यूब प्रांताचा गव्हर्नर मिधत पाशा रस्ते बांधत होता आणि शेतकऱ्यांसाठी कर्जपेढ्या काढत होता. सुधारणा कागदावर होत्या, काही जमिनीवरही होत्या. १८७०मध्ये सुलतानाने बल्गेरियनांना स्वतंत्र धर्मपीठही दिलं. अनेक सुशिक्षित बल्गेरियनांना वाटत होतं की असंच हळूहळू मिळत जाईल. लेव्स्कीची झुंज सुलतानाशी होती, तशीच या ‘मिळत जाईल’शीही होती. जे दुसरा देतो, ते तो परतही घेऊ शकतो, एवढं त्याला कळलं होतं.

१८६८च्या हिवाळ्यात तो बुखारेस्टजवळ एका ओसाड पवनचक्कीत राहिला. सोबतीला कवी ख्रिस्तो बोतेव होता. अंगावर धड कपडे नाहीत, खायला नाही, थंडी हाडं गोठवणारी. अशातही लेव्स्की गाणी म्हणत आनंदात असायचा, याचं नवल बोतेवने एका पत्रात लिहून ठेवलं आहे. त्याच डिसेंबरात हा गाणारा मनुष्य बोटीने इस्तंबूलला पोचला आणि तिथून बल्गेरियाच्या पहिल्या फेरीवर निघाला. दुसरी फेरी १८६९च्या मे महिन्यात सुरू झाली, आणि त्यानंतर पकडला जाईपर्यंत तो चालतच राहिला.

या फेऱ्यांत त्याने नेमकं काय केलं? एकही गोळी झाडली नाही. गावात शिरायचं, विश्वासाची चारपाच माणसं हेरायची, त्यांना शपथ द्यायची, समिती नेमायची आणि पुढच्या गावाला निघायचं. समितीत कोण असायचं? पाद्री, मास्तर, दुकानदार, कारागीर. लोवेच या गावात त्याने देशातली मध्यवर्ती समिती ठेवली. या समित्यांच्या संघटनेचा स्वतःचा गुप्त टपाल विभाग होता, स्वतःची गुप्त पोलीस यंत्रणा होती. पत्रं व्यापाऱ्यांच्या भाषेत लिहिली जायची. स्वतः लेव्स्की कधी तुर्की वेशात, कधी व्यापाऱ्याच्या, कधी खेडुताच्या वेशात फिरायचा. आणि खिशात ती वही. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला पैसा होता तो, त्यातला ग्रोश न् ग्रोश कुठे गेला हे कळलंच पाहिजे, असा त्याचा दंडक होता.

त्याचा खरा ठेवा मात्र दुसऱ्या एका कागदात आहे. १८७१मध्ये त्याने संघटनेच्या घटनेचा मसुदा तयार केला आणि तो समित्यांकडे मत मागवायला पाठवला. विचार करा, शिपाई पाठीवर, फाशी डोक्यावर, आणि हा माणूस हरकती आणि सूचना मागवतो आहे! त्या मसुद्यात उद्दिष्ट स्पष्ट आहे : जुलमी राजेशाही जाऊन तिथे लोकशाही प्रजासत्ताक यावं. नुसतं ‘तुर्क हटवा’ नव्हे. नव्या देशात बल्गेरियन, तुर्क, ज्यू आणि इतर सगळे कायद्यापुढे सारखे असतील. वैर तुर्की सत्तेशी आहे, तुर्क शेजाऱ्याशी नाही. पाच शतकं ज्यांच्या टाचेखाली काढली त्यांच्याबद्दल असं लिहिणं सोपं नसतं. हा वीरपणा तलवारीच्या वीरपणाहून अवघड असतो, असं मी मानतो. त्याच मसुद्यात फितुराला मृत्युदंडाचं कलमही आहे, हेही सांगून टाकतो. लेव्स्की संत नव्हता.

आणि आता त्याच्या खतावणीतल्या त्या नोंदीकडे येतो, जिच्यावरून चरित्रकार सहसा पान उलटतात.

१८७२च्या उन्हाळ्यात संघटनेला पैशाची चणचण होती. श्रीमंत हात आखडता घेत होते. ऑगस्टमध्ये लोवेचमधल्या देंचो हालाच या सधन व्यापाऱ्याच्या घरात लेव्स्की पैसे उचलायला शिरला. घरातला तरुण नोकर स्तोयान पेनेव याला चाहूल लागली. तो ओरडू लागला, आणि लेव्स्कीने सुरा चालवला. स्तोयान मेला. तो सुलतानाचा शिपाई नव्हता, फितूरही नव्हता, मालकाचं घर राखणारा एक गरीब पोर होता. ज्याच्यासाठी सारा खटाटोप चालला होता, तीच रयत.

या घटनेचं समर्थन मी करणार नाही, आणि ती झाकणारही नाही. ज्याने आयुष्यभर ग्रोशाग्रोशाचा हिशोब ठेवला, त्याचा हिशोब मांडताना आपण ही नोंद गाळली तर तो त्याचाच अपमान होईल.

त्याच सप्टेंबरात घडलेल्या प्रकाराने मात्र सगळ्यावर पाणी फिरलं. बुखारेस्टमधल्या निर्वासितांच्या मध्यवर्ती समितीने लेव्स्कीच्या हाताखाली नेमलेला दिमितर ओब्श्ती हा अधीर आणि मनस्वी गडी होता. लेव्स्कीच्या मनाविरुद्ध त्याने अरबाकोनाक खिंडीत सरकारी टपालाचा ‘हझना’, म्हणजे आपल्या भाषेत खजिना, लुटला. रक्कम सव्वा लाख ग्रोश होती. लूट फत्ते झाली, पण थोड्याच दिवसांत माणसं पकडली गेली. आपण दरोडेखोर नाही, मोठ्या राजकीय चळवळीचे सैनिक आहोत, हे जगाला कळावं म्हणून ओब्श्तीने भडाभडा नावं सांगितली. त्याचा हेतू एका अर्थी भाबडा होता. समित्यांमागून समित्या मात्र उघड्या पडत गेल्या.

बुखारेस्टहून समितीचा अध्यक्ष ल्यूबेन कारावेलोव याने कळवलं : आता ताबडतोब उठाव करा. लेव्स्कीने ऐकलं नाही. तयारी अपुरी आहे, आत्ता उठलो तर नुसती कत्तल होईल, हे त्याला दिसत होतं. रुमानियाला निघून जाण्याआधी तो लोवेचकडे वळला, संघटनेची कागदपत्रं हलवायला. त्याला जीव वाचवता आला असता. तो गेला दफ्तर वाचवायला, कारण त्या कागदांत माणसांची नावं होती.

डिसेंबर १८७२ संपत आला होता (तारीख त्यांच्या जुन्या कॅलेंडरची). लोवेचजवळच्या काक्रिना गावच्या खानावळीत, पहाटेच्या अंधारात, शिपायांनी वेढा दिला. तो कुंपणावरून उडी मारून निघाला, अडखळला, जखमी झाला आणि सापडला. आपण कुणाला पकडलं आहे हे शिपायांना सुरुवातीला नीट कळलंही नव्हतं. फितुरी कुणी केली यावर गेली दीडशे वर्षं वाद आहे. पाद्री क्रस्त्योचं नाव पिढ्यान्पिढ्या घेतलं गेलं आणि त्याच्या बचावालाही माणसं उभी राहिली. मला त्या वादात शिरायचं नाही. मात्र एवढं म्हणेन, की पराभव झाला की एक फितूर शोधण्याची सवय सगळ्याच समाजांना असते. एक नाव मिळालं की बाकीच्यांना आपापले हिशोब तपासावे लागत नाहीत.

सोफियात खास न्यायमंडळ बसलं. त्यावर बल्गेरियन सदस्यही होते, आणि निकालाच्या कागदावर बल्गेरियन माणसाचीही सही आहे. ओब्श्तीला आधी फाशी झाली. लेव्स्कीने जे आधीच सिद्ध झालं होतं तेवढं मान्य केलं. सरकारला माहीत नसलेलं एकही नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. १८ फेब्रुवारी १८७३ रोजी शहराबाहेरच्या माळावर त्याला फाशी दिलं.

आता या तारखेची गंमत ऐका. बल्गेरियात त्याचा स्मृतिदिन पाळतात तो १९ फेब्रुवारीला. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात फाशीची तारीख ६ फेब्रुवारी होती. एकोणिसाव्या शतकात दोन कॅलेंडरांत १२ दिवसांचं अंतर होतं, म्हणजे नव्या मोजणीत १८ तारीख. बल्गेरियाने १९१६मध्ये नवं कॅलेंडर स्वीकारलं, तोवर अंतर १३ दिवसांचं झालं होतं. लोकांनी सरसकट १३ मिळवले आणि १९ तारीख रूढ झाली. एकोणीस फेब्रुवारी हे ऐकताच तुमच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला इथून दिसतंय. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर आपण काय कमी घसा कोरडा केला आहे? महाराष्ट्रात त्या दिवशी झेंडे लागतात, तेव्हा सोफियात एका स्तंभापाशी फुलं वाहिली जातात. दोन्हीकडे लोकांनी आपापला दिवस पंचांगाशी भांडून ठरवला आहे.

तो स्तंभही बघा. फाशीच्या जागी स्मारक उभारायचं १८७८मध्ये ठरलं. पैसे जमेनात, काम रखडलं. उद्घाटन व्हायला १८९५ उजाडलं. सतरा वर्षं! ज्याने दुसऱ्यांच्या पैशाचा कवडीकवडीचा हिशोब दिला, त्याच्या स्मारकाला वर्गणी जमायला सतरा वर्षं लागली.

त्याच्या मागे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १८७६च्या एप्रिलमध्ये उठाव झाला. त्याच्या जुन्या समित्यांचे धागे त्या उठावात होते. उठाव रक्तात बुडवला गेला. बाताक गावची कत्तल युरोपभर गाजली. बोतेव नदी ओलांडून आला आणि मारला गेला. मग रशिया-तुर्कस्तान युद्ध झालं आणि १८७८मध्ये बल्गेरिया मोकळा झाला. त्याच वर्षी आई गिना गेली. स्वातंत्र्य परक्या सैन्याबरोबर आलं. दुसऱ्याने दिलेलं परत घेता येतं, हे ज्याला कळलं होतं त्याच्या देशाला स्वातंत्र्य मिळालं तेही असं. आणि १८७९मध्ये तिथे प्रजासत्ताकाच्या ऐवजी एक जर्मन राजपुत्र गादीवर बसला.

प्रजासत्ताक १९४६मध्ये जाहीर झालं, पण ते एकाच पक्षाचं. सगळ्यांनी सारखं असण्याचं ते कलम? १९८४-८५च्या हिवाळ्यात त्याच देशाच्या सरकारने तुर्क नागरिकांना आपली नावं बदलून स्लाव नावं घ्यायला भाग पाडलं. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तुर्क देश सोडून गेले. राजांनी लेव्स्कीला आपला म्हटलं, कम्युनिस्टांनी आपला म्हटलं, नंतरच्यांनीही म्हटलं. त्याच्या नावावर सही करायला सगळे तयार असतात. त्या कलमावर सही करताना मात्र प्रत्येकाच्या लेखणीतली शाई संपते. आणि हे फक्त बल्गेरियातच घडतं, असं मनात आणू नका.

म्हणून मला शेवटी गुरुजींकडेच यावंसं वाटतं. वर्षअखेरीला ते खतावणीच्या पानाची बेरीज करायचे. वर्गणी थकली असेल तर ते थकबाकीदारावर कधी रागावत नसत आणि ती रक्कम खोडतही नसत. नव्या पानाच्या माथ्यावर ते शांतपणे लिहायचे, ‘मागील पानावरून पुढे’, आणि खाली बाकी ओढून घ्यायचे. लेव्स्कीच्या खिशातल्या वहीत ग्रोशांचा हिशोब जुळतो. जी बाकी त्याने त्या मसुद्यात लिहून ठेवली, शेजाऱ्याला सारखं मानण्याची, ती दर पिढीला पान उलटून पुढे ओढली जाते आहे. तिच्याच शेजारी स्तोयान पेनेवचंही नाव लिहून ठेवा. ते कुठल्या स्तंभावर नाही.